सामाजिक शास्त्रांचे मूल्यमापन आणि विद्यार्थ्याचे गाव

नागरिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘ग्रामपंचायतीची कोणतीही पाच कामे लिहा’ हा प्रश्न कित्येक वर्षे विचारला जात आहे. त्याचे उत्तरही ठरलेले आहे. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, रस्ते, सार्वजनिक आरोग्य आणि जन्ममृत्यूची नोंद ही पाच कामे ओळीने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळतात. मग तो सिंधुदुर्गातील असो वा गडचिरोलीतील. ज्या गावी शाळेसमोरचा दिवा सहा महिने लागलेला नाही तेथील विद्यार्थीही ‘दिवाबत्ती’ असे लिहितो आणि ज्या गावी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते तेथील विद्यार्थिनीही ‘पाणीपुरवठा’ असे लिहिते. उत्तर चूक नाही. परंतु त्यावरून परीक्षकास कळते ते एवढेच, की पाठ्यपुस्तकातील एका पानावरचा मजकूर विद्यार्थ्याच्या ध्यानात राहिला आहे. ज्या समाजात तो राहतो त्या समाजाचे व्यवहार त्याला कितपत उमगले आहेत, हे या उत्तरातून कळण्यास मार्ग नाही.

भाषेच्या परीक्षेत विद्यार्थी प्रत्यक्ष वाचतो व लिहितो. गणितात उदाहरण सोडवितो. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यावयाची ती गोष्ट परीक्षेच्या वेळीच त्याच्याकडून घडते. सामाजिक शास्त्रांत मात्र समाज परीक्षेच्या दालनाबाहेर राहतो आणि त्याचे पुस्तकी वर्णन तेवढे आत येते. हा विषय शिकविण्याचा हेतू मुलांना आपल्या समाजाची ओळख व्हावी असा असेल, तर ज्यांची उत्तरे पुस्तकात मिळत नाहीत, गावातच शोधावी लागतात, असे काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. येथपर्यंत कोणाचा मतभेद नसतो. अडचण पुढे आहे. असे प्रश्न विचारले, तर त्यांना गुण कसे द्यावयाचे आणि दिलेले गुण बरोबर आहेत हे कशावरून ठरवावयाचे, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. परिसराभ्यासाचा आग्रह पुन:पुन्हा धरला जातो आणि दर वेळी परीक्षेपाशी येऊन थांबतो, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

जुनीच मागणी

आग्रह जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत इतिहास, भूगोल यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे काही पाठ असावेत, असे सुचविले होते. खेड्यातील शाळेत विषय थोडे असले तरी चालतील, पण त्यांची व्यावहारिक उपयुक्तता कमी असता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी नई तालीम पुढे आली, तिचीही दिशा हीच होती. १९६६ साली अहवाल सादर करणाऱ्या कोठारी आयोगाने परीक्षेच्या सुधारणेवर आणि शाळांतर्गत मूल्यमापनावर भर दिला. महाराष्ट्रात इयत्ता तिसरीसाठी प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र पाठ्यपुस्तक काढण्याची प्रथा पडली, तीही याच विचारातून. तथापि जिल्हा हाही नऊ वर्षांच्या मुलाला दूरचाच असतो. जिल्ह्यातील तालुके किती हे तो पाठ करतो. स्वतःच्या गावात वाड्या किती, हे त्याला विचारले जात नाही.

एका प्रश्नाची दोन बरोबर उत्तरे

स्थानिक माहितीवर प्रश्न काढण्यास शिक्षक कचरतात, याचे कारण म्हणून उत्तराच्या अनिश्चिततेकडे बोट दाखविले जाते. पुस्तकातील उत्तर पक्के, गावातील उत्तर अनिश्चित, अशी ही समजूत आहे. ती कितपत खरी आहे हे एका उदाहरणावरून पाहता येईल.

‘सरपंचाची निवड कोण करते?’ हा प्रश्न घेऊ. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडीत असत. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन सरपंचाची निवडणूक थेट मतदारांकडून होऊ लागली. २०२० साली ही पद्धत रद्द होऊन निवडीचा अधिकार पुन्हा सदस्यांकडे आला. २०२२ साली थेट निवडणूक पुन्हा सुरू झाली. पाच वर्षांत उत्तर तीन वेळा बदलले. यातही गंमत अशी, की जानेवारी २०२१ मध्ये ज्या गावांत मतदान झाले तेथे सदस्यांनी सरपंच निवडला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ज्या गावांत मतदान झाले तेथे मतदारांनी. शिवेला शीव लागून असलेल्या दोन गावांतील मुलांनी एकाच वर्षी परस्परविरुद्ध उत्तरे लिहिली असती, तर दोन्ही बरोबर ठरली असती. पुस्तकाची कोणतीही एक आवृत्ती प्रमाण मानून गुण देणाऱ्या परीक्षकाने मात्र त्यांपैकी एकास शून्य दिले असते.

अशी उदाहरणे आणखी देता येतील. गावाची लोकसंख्या विचारली तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील फलकावरून २०११ च्या जनगणनेचा आकडा लिहून आणला जातो. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे तो फलक जुना होऊनही बदलला गेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ‘तलाठी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पदाला २०२४ साली ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नाव मिळाले. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र होऊन त्याच वर्षी ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे पद आले. विद्यार्थ्याने ‘तलाठी’ लिहिले तर चूक मानावे काय? गावात आजही लोक तलाठीच म्हणतात.

या साऱ्यावरून निघणारा नियम सोपा आहे. समाजाविषयीच्या विधानाबरोबर त्याचे साल आणि ते कोणाकडून वा कोठून कळले, या दोन गोष्टी लिहिण्याची सवय विद्यार्थ्यास लावावी आणि गुण त्या तिन्हींना मिळून द्यावेत. ‘आमच्या गावी सरपंच सदस्यांनी निवडला, निवडणूक जानेवारी २०२१, माहिती ग्रामपंचायत कार्यालयातून घेतली’ हे उत्तर कोणत्याही आवृत्तीतील वाक्यापेक्षा अधिक पक्के आहे, कारण ते तपासून पाहता येते. अनिश्चितता गावात नसते. साल न लिहिलेल्या विधानात असते.

तरतूद आहे, वापर नाही

अशा प्रश्नांना गुणपत्रकात जागा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. तीत आकारिक मूल्यमापनाचा भाग पहिली-दुसरीस ७० टक्के, तिसरी-चौथीस ६०, पाचवी-सहावीस ५० आणि सातवी-आठवीस ४० टक्के ठेवण्यात आला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनेही त्यात नेमून दिली आहेत. गावाविषयी प्रश्न विचारण्यास याहून मोकळी जागा कोणती असावी?

ती जागा कशी भरली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. ‘माझे गाव’ या प्रकल्पासाठी शहरातील दुकानात छापील चित्रतक्ते मिळतात. त्यांवर कौलारू घर, बैलगाडी, विहिरीवर पाणी भरणारी स्त्री आणि मागे डोंगर असे एक गाव असते. हे गाव महाराष्ट्रात कोठेच नाही; पण शेकडो प्रकल्पवह्यांत ते सापडते आणि चित्र सरळ चिकटविलेले असल्यास दहापैकी नऊ गुण मिळवून देते.

अंतर्गत गुणांवरचा अविश्वास येथूनच सुरू होतो. दहावीच्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण २०१८-१९ या वर्षी काढून टाकण्यात आले, तेव्हा ते गुण खिरापतीसारखे वाटले जातात, हाच आक्षेप होता. मार्च २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्याच्या आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. त्यानंतर अंतर्गत गुण परत आले. गुण असावेत की नसावेत, यावर त्या वेळी पुष्कळ बोलले गेले. ते कशाबद्दल द्यावेत, हा प्रश्न त्या मानाने मागेच राहिला.

प्रश्न कसा काढावा

गावाविषयीचा चांगला प्रश्न विद्यार्थ्यास निबंध लिहावयास लावीत नाही. त्याला एखादी नोंद पाहावयास, कोणाला तरी विचारावयास किंवा एखादी गोष्ट मोजावयास लावतो. ग्रामसभेचाच विषय घ्यावा. ‘ग्रामसभेचे महत्त्व सांगा’ या प्रश्नाऐवजी पुढील प्रश्न विचारून पाहावा: ‘एका गावात ५४० मतदार असून ग्रामसभेस ७४ जण हजर होते. दुसऱ्या गावात १२०० मतदार असून ११० जण हजर होते. कोणत्या गावची सभा भरू शकली? आपल्या गावच्या मागील सभेस किती जण होते?’ गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. पहिल्या गावी ८१ जण हवे होते, म्हणून सभा तहकूब झाली. दुसऱ्या गावी १५ टक्के म्हणजे १८० होतात, परंतु १०० पुरेसे असल्याने सभा भरली. प्रश्नाचा हा भाग वर्गात बसून सुटतो. शेवटच्या भागासाठी मात्र ग्रामपंचायतीचे इतिवृत्त पाहावे लागते. ते पाहताना सभा तहकूब होऊन पुन्हा भरली होती आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसल्याने ठराव थोडक्या लोकांत मंजूर झाले, असे दिसून आले, तर विद्यार्थी एका तासात जे शिकेल ते पुस्तकातील धड्याने वर्षभरात शिकविता येणार नाही.

दुसरे उदाहरण घरपट्टीचे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना ८ ही कर आकारणीची आणि नमुना ९ ही करमागणीची नोंदवही असते. इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांना एकूण मागणी व एकूण वसुली हे दोन आकडे मिळाले की पुरे. समजा, मागणी २,४०,००० रुपये आणि वसुली १,५६,००० रुपये आहे. वसुली ६५ टक्के झाली, हे गणित झाले. उरलेल्या ८४,००० रुपयांत गावातील कोणते काम झाले असते, हा नागरिकशास्त्राचा प्रश्न. त्यासाठी एका पथदिव्याची किंवा नळाच्या दुरुस्तीची किंमत विद्यार्थ्याने विचारून आणावयाची. याच नोंदवहीतून आणखी एक प्रश्न निघतो. घराच्या नोंदीत पती व पत्नी दोघांचीही नावे लावावीत, असा शासननिर्णय २००३ पासून आहे. आपल्या आळीतील किती घरांच्या नोंदीत स्त्रीचे नाव आहे, ही संख्या काढण्यास एका गटाला अर्धा तास लागतो. स्त्री-पुरुष समानतेवर दहा ओळी लिहून घेण्यापेक्षा या एका संख्येतून शिक्षकास विद्यार्थ्याच्या समजुतीचा अंदाज अधिक येईल. कारण संख्या काढल्यावर ती एवढीच का, याचे कारण तो आपल्या शब्दांत सांगू लागतो.

गुणदानाची रीत आधीच ठरवून विद्यार्थ्यांना सांगावी. दहा गुणांच्या कामात माहिती कोठून व कशी मिळविली यास चार, नोंद अचूक उतरविण्यास तीन, दुसऱ्या एखाद्या मार्गाने पडताळा घेण्यास दोन आणि मांडणीस एक, अशी वाटणी ठेवता येईल. मांडणीस एकच गुण ठेवण्यामागे हेतू आहे. सुंदर अक्षर, रंगीत कागद आणि पालकांची मदत ही ज्यांच्या घरी आहेत त्यांना प्रकल्पात नेहमीच झुकते माप मिळते. ते येथे मिळू नये. मताला गुण नाहीत, हेही स्पष्ट करावे. ग्रामपंचायतीचे काम चांगले आहे असे लिहिणाऱ्यास अधिक आणि वाईट आहे असे लिहिणाऱ्यास कमी, किंवा याच्या उलट, असे झाले की मुले शिक्षकाचा चेहरा पाहून उत्तरे लिहू लागतात.

विहिरीचा प्रश्न

महाड येथील चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे विद्यार्थी लिहितो. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, हेही लिहितो. आपल्या गावची सार्वजनिक विहीर सर्वांना केव्हा खुली झाली, हे त्याला कोणी विचारलेले नसते. सामाजिक शास्त्रांच्या परीक्षेतील सर्वांत मोठी पोकळी कदाचित हीच असेल. जे गावात सर्वांना माहीत आहे आणि जे कोणी बोलत नाही, तेच प्रश्नपत्रिकेत येत नाही.

हा प्रश्न विचारावा, पण फार जपून. वर्गातील एखाद्या मुलाकडे वळून ‘तुमच्या वस्तीत काय होते ते सांग’ असे म्हणणे म्हणजे त्या मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. त्याऐवजी सर्वच गटांना एकसारखे काम द्यावे: गावातील दोन वेगवेगळ्या वस्त्यांमधील साठ वर्षांवरील दोन व्यक्तींना भेटून, त्यांच्या लहानपणी घरी पाणी कोठून येई, कोण भरी, किती वेळ लागे आणि हे केव्हा बदलले, एवढेच विचारून यावे. दोन्ही हकिगती शेजारी शेजारी लिहाव्यात. त्या जुळणार नाहीत. एक आजी म्हणेल की गावात तसे काही नव्हते. दुसरी म्हणेल की वरून कोणी ओतील तेव्हा घागर भरे. दोन्ही जशा ऐकल्या तशा, काहीही न मिसळता उतरविणाऱ्या गटास पूर्ण गुण द्यावेत; दोहोंची सरासरी काढून गोड वाक्य लिहिणाऱ्यास कमी.

गावाचा नकाशा काढावयास सांगितला तरी हा विषय पुढे येतोच. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. मुलांच्या तोंडी जुनी नावे असली, तर ती नकाशावर येतात. अशा वेळी उत्तरावर लाल फुली मारणे योग्य नाही आणि तो नकाशा तसाच भिंतीवर लावणे त्याहून अयोग्य. नवे नाव कोणते, ते ग्रामसभेच्या ठरावात आहे काय, आणि नाव बदलल्यावर रस्ता व नळ त्या वस्तीपर्यंत पोचले काय, हे शोधून नकाशा पुन्हा काढावयास द्यावा. दोन्ही नकाशे वहीत राहू द्यावेत.

काही प्रश्न मुळीच विचारू नयेत. घरचे उत्पन्न, कर्ज, व्यसन, जात आणि करथकबाकीदारांची नावे ही माहिती मुलांमार्फत गोळा करणे म्हणजे शाळेने गावात कलह पेरणे होय. संख्या घ्यावी, नावे घेऊ नयेत, ही मर्यादा शिक्षकाने कटाक्षाने पाळली पाहिजे.

गाव सर्वांना सारखे दिसत नाही

स्थानिक प्रश्नांमुळे सर्व विद्यार्थ्यांना सारखी संधी मिळते, असे मात्र नाही. मुलगा चावडीवर, पारावर उभा राहून मोठ्यांचे बोलणे ऐकतो. मुलीला तेथे थांबता येत नाही. ग्रामसभेवर प्रश्न विचारला की मुलगे पुढे जातात आणि रेशन दुकान, पाणी, अंगणवाडी यांवर विचारला की मुली. प्रत्येक कामास पर्याय ठेवणे यास्तव आवश्यक आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिची नोंद कितपत ठेवली जाते, हा मुलींच्या गटास देण्याजोगा विषय आहे. मुलांनाही द्यावा.

ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले हा आणखी एक प्रश्न आहे. दिवाळीच्या आसपास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची योजना २०१५ पासून आहे, गावी मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. तरीही परतलेल्या मुलाचे दुसरे सत्र बुडालेले असते आणि वार्षिक परीक्षेत तो मागे पडतो. या मुलाला प्रत्यक्षात दोन गावे ठाऊक असतात. मुकादम उचल कशी देतो, पती-पत्नींच्या जोडीला ‘कोयता’ का म्हणतात, टनाचा हिशेब कसा होतो, तळावर पाणी कोठून येते, शेजारच्या शाळेत बसू दिले की नाही, हे सारे त्याने पाहिलेले आहे. ‘स्थलांतराची कारणे लिहा’ या प्रश्नास पुस्तकातील चार कारणे लिहिणाऱ्यास चार गुण मिळतात आणि ज्याने स्थलांतर केले त्याला धडा चुकला म्हणून शून्य मिळते. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम हे एक साधन आहे. परतलेल्या मुलाचे तोंडी उत्तर शिक्षकाने स्वतः लिहून घेऊन त्यास गुण देण्यास कोणताही नियम आड येत नाही.

अनुसूचित क्षेत्रात तर पुस्तकातील व्यवस्था आणि गावातील व्यवस्था यांत कायद्यानेच अंतर आहे. राज्यातील १३ जिल्ह्यांत असे क्षेत्र आहे. तेथे १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील राज्याचे २०१४ चे नियम यांमुळे एखाद्या पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्क २००९ साली मिळविला आणि २०११ साली तेथील ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. त्या गावात निर्णय बहुमताने घेतले जात नाहीत. सर्वांची संमती होईपर्यंत विषय खुला ठेवला जातो, आणि त्यापूर्वी गावकऱ्यांच्या अभ्यासगटात त्यावर चर्चा होते. ‘ग्रामसभेत निर्णय कसे घेतले जातात?’ या प्रश्नास तेथील मुलाने ‘सर्वसहमतीने’ असे उत्तर लिहिले आणि परीक्षकाकडील आदर्श उत्तरात ‘बहुमताने’ असे असले, तर काय व्हावे? स्वतःच्या समाजाचे ज्ञान येथे उत्तरपत्रिकेत उतरले आहे. ते ओळखण्यास परीक्षकापाशी साधन नाही, एवढेच. राज्यभर वा देशभर एकच प्रश्नपत्रिका देणाऱ्या सर्वेक्षणांकडून ही अपेक्षा करता येणार नाही. ती त्यांची मर्यादाच आहे. वर्गशिक्षकाला मात्र ती मर्यादा नाही.

दप्तर शाळेपर्यंत यावे

या सर्व कामात शिक्षक एकटा पुरा पडणार नाही. तो बहुधा परगावचा असतो, काही वर्षांनी बदलून जातो, आणि गावाविषयी विद्यार्थ्यांपेक्षा त्याला कमी माहिती असते. उत्तराचा पडताळा त्याच्याकडे नसून ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक संस्थांनी बरीचशी माहिती स्वतःहून प्रकट करावयाची असते. वर्षाचे अंदाजपत्रक, ग्रामसभांच्या इतिवृत्तांची प्रत, ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली तयार झालेला विकास आराखडा आणि करांच्या मागणी-वसुलीचे एकूण आकडे एवढे कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्याने जून महिन्यात शाळेस दिले, तर वर्षभराच्या प्रश्नांची सामग्री होते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. हे कागद मागण्याचे काम शिक्षकापेक्षा समितीने करणे अधिक सोयीचे पडेल.

सोयीचे म्हणण्याचे कारण उघड आहे. विद्यार्थी गावातील हातपंप मोजून आले आणि नोंदीत चालू दाखविलेला एखादा पंप प्रत्यक्षात बंद निघाला, तर काय करावयाचे? शिक्षकास त्याची धास्ती वाटते. ती अनाठायी नाही. गावच्या राजकारणात शाळेला ओढले जाण्याची भीती त्यामागे असते. म्हणून रीत अशी असावी, की विद्यार्थ्याने दोन विधाने तारखेसह लिहावीत: नोंदवहीत अमुक तारखेस पंप चालू आहे, आणि अमुक तारखेस प्रत्यक्ष पाहता पाणी आले नाही. तिसरे वाक्य लिहू नये. कोणाची चूक हे ठरविणे हा त्याचा अभ्यासविषय नाही. ही दोन विधाने असलेल्या उत्तरास पडताळ्याचे पूर्ण गुण द्यावेत, आणि पंचायत सदस्यांनी ते तक्रार न समजता माहिती समजून घ्यावे. महिन्याच्या सभेत दुरुस्तीचा विषय घेण्यास एवढी माहिती पुरेशी असते.

ही उत्तरे वर्षाअखेर रद्दीत जाऊ नयेत. प्रत्येक इयत्तेने आपली नोंद एका जाड वहीत उतरवून पुढच्या वर्गाच्या हाती दिली, तर पुढील वर्षी तुलनेचे प्रश्न आपोआप तयार होतात: गेल्या वर्षी वसुली किती होती, यंदा किती; कोणती विहीर फेब्रुवारीत आटली होती, यंदा केव्हा आटली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दर वर्षी पडलेला पाऊस पाहून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. तसा ताळेबंद सर्व गावांना साधला नसेल. शाळेच्या वहीत पावसाची आणि विहिरीच्या पातळीची नोंद ठेवणे कोणत्याही गावाला साधेल.

वेळापत्रकही जुळण्यासारखे आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात असा नियम असून १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी आणि १ मे हे दिवस त्यासाठी रूढ झाले आहेत. पहिल्या दोन सभा प्रथम सत्राच्या आकारिक मूल्यमापनात येतात, तिसरी द्वितीय सत्रात. १ मे च्या सुमारास बहुतेक प्राथमिक शाळांचा निकाल लागतो आणि पालक शाळेत आलेले असतात. त्या दिवशीच्या ग्रामसभेत ही वही मेजावर ठेवून तीतील चार नोंदी विद्यार्थ्यांनीच वाचून दाखवाव्यात आणि इतिवृत्तात त्याची एक ओळ घ्यावी. पुढच्या वर्षीच्या सातवीला ते इतिवृत्त पाहावे लागणारच आहे.